आवणीचं जपानी गाणं

मी मुळात भित्रा माणूस. डहाणूच्या आमच्या वाडीत चिकूच्या झाडावर वटवाघळं फडफडली तरी लहानपणी मी घरात पळायचो, आणि मोठेपणी सरकारी शिक्क्याचा लखोटा आला की तो दोन दिवस न उघडताच ठेवायचो. अशा माणसानं जपानी भुतांच्या सिनेमांच्या नादी लागावं, याचं घरी सगळ्यांना हसू यायचं. हसोत बापडे. खुर्चीत बसून, चार माणसांच्या सोबतीनं घाबरण्यात केवढी मजा असते ते त्यांना ठाऊक नव्हतं.

साठ साली मला उधव्याजवळच्या एका प्रात्यक्षिक शेतावर हंगामी नोकरी लागली. जपानी पद्धतीच्या भातशेतीचे ते दिवस. गाठी मारलेली दोरी चिखलावर ताणायची, प्रत्येक गाठीशी दोन-तीन रोपं लावायची, मग एक पाऊल मागे येऊन दोरी सरकवायची. हे शिकवायला जपानहून एक तज्ज्ञ आला होता. पन्नाशीचा, बुटका, सदा हसरा. मराठीतले सात-आठ शब्द त्याला येत, त्यातला ‘चिखल’ हा त्याचा फार लाडका. त्याच्यासाठी मुंबईहून फिल्मचे डबे यायचे, आणि कोसबाडच्या शेतकी शाळेत एका लांबट खोलीत, भर दुपारी खिडक्यांना कांबळी लावून ते दाखवले जायचे. आधी शेतीचा माहितीपट, मग सिनेमा.

खाली इंग्रजी अक्षरं पळत. एक ओळ वाचून होईपर्यंत दुसरी निघून गेलेली असे, म्हणून मी वाचणंच सोडून दिलं आणि नुसता बघायला लागलो. एका सिनेमात एक म्हातारी पोस्टमनची वाट बघत दारातली सगळ्यांची पायताणं सरळ करून ठेवते, पुन्हा विस्कटते, पुन्हा सरळ करते. मला रडू आलं होतं. आणि तो भुताचा सिनेमा! त्यात भूत शेवटपर्यंत दिसलंच नाही. कागदी दरवाजा आपोआप बोटभर सरकायचा, एवढंच. आठवडाभर मी माझ्या खोलीचं दार पायानं दाबून झोपलो आणि पुढच्या डब्याची वाट बघत राहिलो.

तज्ज्ञाकडे सेलवर चालणारा एक लहानसा फोनो होता आणि सात रेकॉर्डी. बशीएवढ्या, मधे मोठं भोक असलेल्या. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी तो फोनो बांधावर छत्रीखाली ठेवायचा. त्यातलं एक गाणं मी शंभरदा ऐकलं असेल. एक बाई गायची, मागे सनईसारखं पण जरा जाड आवाजाचं वाद्य. गंमत म्हणजे त्या गाण्याचा ठेका आणि आमचं एक पाऊल मागे येणं बरोबर जुळायचं.

ते जुळवलं आमच्या रांगेच्या पुढारणीनं. वारल्यांच्या लग्नात जी बाई गाणी म्हणते आणि जिच्याशिवाय लग्न लागत नाही ती धवलेरी. ही आसपासच्या पाड्यांतली मानाची धवलेरी होती. चाळिशीची, काटक, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. मला ती भातमास्तर म्हणायची. दोरीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. तिनं तीन दिवसांत ते गाणं उचललं. शब्द जपानी की कुठले देव जाणे, पण चाल अशी नेमकी की तज्ज्ञानं चिखलात उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग ती म्हणायची, बाकीच्या झेलायच्या आणि रांग मागे सरकायची. तीन पावसाळे आम्ही तशीच आवणी केली. माझ्या नोकरीतले तेवढेच दिवस मी कशालाही न घाबरता काढले.

एकसष्टची कापणी झाल्यावर तज्ज्ञ मायदेशी गेला. जाताना फोनो आणि रेकॉर्डी माझ्या हातात ठेवून लवून नमस्कार केला.

बासष्टच्या दिवाळीच्या सुमारास चीनशी लढाई सुरू झाली. तलासरी नाक्यावरच्या हॉटेलात रेडिओभोवती गर्दी व्हायची. एकदा चहा पिताना माझ्या पिशवीतून एका रेकॉर्डीचं पाकीट बाहेर डोकावलं. गुजराती हॉटेलवाल्यानं ते ओढून काढलं आणि उलटसुलट करत विचारलं, “साहेब, आ चीनी लखाण छे?”

“नाही हो, जपानी आहे,” मी म्हणालो.

“एम? असं काय?” एवढंच म्हणून त्यानं ते परत दिलं. पण आसपासची चार डोकी वळली होती.

मी अर्धा चहा टाकून निघालो. कारण जपानीतली बरीचशी अक्षरं फार पूर्वी चीनमधून आली, असं त्या तज्ज्ञानंच मला एकदा सांगितलं होतं. एखाद्या जाणकारानं यातलं अक्षर न् अक्षर चिनी आहे असं म्हटलं, तर मी काय उत्तर देणार? त्या दिवसांत चीनच्या बाजूची असल्याच्या संशयावरून आमच्या भागातून माणसं उचलली जात होती. माझी नोकरी हंगामी. नोकरी तर जाईलच, तुरुंगही बघावा लागेल, या विचारानं मला जेवण जाईना. रस्त्यानं जीप गेली की मी बांधाआड बसायचो.

फोनो मी डहाणूच्या घरी माळ्यावर टाकून आलो. रेकॉर्डी शेतावरच नव्या पेंढ्याच्या उडवीत, त्या रचलेल्या गंजीत, आत खोल खुपसल्या. मग धवलेरीला गाठलं.

“बाई, ते गाणं आता म्हणू नका.”

“का वो मास्तर?”

भीती वाटते हे सांगायची लाज वाटली. “नका म्हणू, झालं.”

ती हसली. “तोंडात आलं तं काय गिळू?”

आणि ते तिच्या तोंडात आलंच. कापणीला वाकली की यायचं. कुणी जाऊन सांगितलं ते मला आजही ठाऊक नाही. एके दिवशी सकाळी नऊच्या सुमारास घाटावरचा एक हवालदार आणि एक शिपाई शेतात उतरले.

हवालदार दमलेला होता. सरळ येऊन तो उडवीला टेकून बसला. त्याच्या पाठीपासून रेकॉर्डी हातभरसुद्धा लांब नसतील. बोलता बोलता तो पेंढ्याची एकेक काडी उपसून दात कोरायला लागला, आणि मी प्रत्येक काडी मोजत होतो.

“इथं चिनी गाणं कोण म्हणतं?”

धवलेरी विळा खाली ठेवून पुढे आली. “मी म्हणतंय. चिनी नाय. लग्नाचं हाय.”

“कुणी शिकवलं?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मोजून एक क्षण. “कोण शिकवील? मी धवलेरी हाय. मला कोण शिकवतं का?”

हवालदार माझ्याकडे वळला. “तुम्ही इथले सरकारी माणूस. ही बाई कोण, कशी, काय माहिती आहे तुम्हाला?”

रोज सकाळी मस्टर हातात घेऊन त्या बायांची नावं मीच पुकारत असे. तिच्या तिन्ही मुलांची नावंसुद्धा मला पाठ होती.

“मजूर येतात, जातात,” मी म्हणालो. “मी हिला ओळखत नाही.”

आवाज माझाच होता, स्वच्छ आणि खणखणीत. हवालदारानं मान डोलावली आणि तिला घेऊन ते दोघे चौकीच्या वाटेला लागले.

आता जे लिहायचं ते लिहिताना मला आजही लाज वाटते. ती माणसं बांधापलीकडे दिसेनाशी झाली आणि मी आधी उडवीकडे धावलो. पेंढा पुरता वाळलेला नव्हता. ओला पेंढा आतून तापतो, हे शेतकी खात्यातल्या मला कुणी सांगायला नको होतं. हात भाजेल इतकी धग आत होती. सातही रेकॉर्डी तळल्या पापडासारख्या वाकड्या होऊन निघाल्या. मी मटकन खाली बसलो आणि रडलो. रेकॉर्डींसाठी रडलो. बाया लांब उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या.

मग दिवसभर मला दुसरीच भीती. ती बोलली तर? मारलं आणि बोलली तर? तिला मारतील ही भीतीसुद्धा मला माझ्यापायीच वाटत होती.

दिवस मावळायच्या आत ती एकटीच चालत आली. मी वाटेवर उभा होतो.

“बाई, काय झालं?”

“काय होतंय? चार डाव गाणं म्हणाया लावलं. मंग साहेब कंटाळला, जा बोलला.”

“आणि माझं…”

“तुमचं नाव नाय घेतलं.”

मी हात जोडायला गेलो, तर तिनं ते बघितलंसुद्धा नाही.

“तीन पावसाळे दोरीचं एक टोक तुमच्या हातात, एक माझ्या हातात,” ती म्हणाली. “आन तुमी मला वळखत नाय बोललात, मास्तर.”

ती पाड्याकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली. मी मस्टर उघडून नावं पुकारली. तिचं नाव आलं. ती माझ्यासमोर चार हातांवर उभी होती, माझ्याकडेच बघत होती. मी पुन्हा पुकारलं. तिनं ओ दिली नाही. रांगेतल्या बाया खाली बघत राहिल्या, आणि मी मान वर न करता तिच्या नावापुढे हजर म्हणून खूण केली.