शंभालाला गेलेल्या माणसाचं देणं

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. वेलांटी पहिली की दुसरी, हे मला अजून कळत नाही. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. चारचौघांत मला बोलता येत नाही, लिहिता येतं, एवढंच.

माझे मालक हडपसरच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद पडला तेव्हा हातात काही रक्कम देऊन सगळ्यांना घरी पाठवलं. त्यात आम्ही छपराचे पत्रे बदलले, आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं. आबा म्हणजे माझे सासरे. मग मालकांना सकाळी उठून जायला जागा राहिली नाही. पण मला डबा भरायची सवय होती आणि त्यांना न्यायची. ते डबा घेऊन बुधवार पेठेत जायचे, फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांपाशी उभे राहायचे आणि संध्याकाळी परत यायचे.

तिथंच त्यांना शंभाला सापडलं. तिबेटात, बर्फाच्या डोंगरांच्या आड, आठ पाकळ्यांच्या कमळासारखं एक राज्य आहे म्हणे. तिथं कुणी म्हातारं होत नाही, कुणी आजारी पडत नाही, कुणाला कामावरून काढत नाहीत. हे शेवटचं मालकांनी स्वतःच घातलं असावं. पुढच्या एका पुस्तकात असं निघालं, की तिथले लोक मुळात पृथ्वीवरचे नाहीतच. फार पूर्वी आकाशातून यानात बसून आले आणि डोंगराच्या पोटात राहिले. मालक हे मला भाकरी करताना वाचून दाखवायचे. मी ऐकायचे. त्यांचा आवाज तेव्हा कारखाना चालू असतानाच्यासारखा व्हायचा.

आबा मात्र चिडले. त्यांनी तरुणपणी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, घरातले देव स्वतःच्या हाताने नदीत सोडलेले.

"तेहतीस कोटी सोडून दिले," आबा म्हणाले, "ते कमी पडले म्हणून आता वरून मागवतोस होय?"

"आबा, हे देव नाहीत. हे शास्त्र आहे."

"शास्त्र असेल तर तिकीट काढून जाता यायला पाहिजे."

"जाणारच आहे," मालक म्हणाले.

आबांना वाटलं, तोंडाला तोंड म्हणून बोलला. पण त्याच आठवड्यात मालक लोणी काळभोरला थोरल्या बहिणीकडे गेले. ताईंनी त्यांना लहानपणी कडेवर सांभाळलेलं. त्यांनी पाटल्या करायला साठवलेले वीस हजार काढून दिले.

निघताना दारात मालक मला म्हणाले, "घाबरू नकोस. पैसे उसने घेतलेत ते बरंच झालं. ज्याच्यावर कुणाचं देणं आहे, त्याला तिथं ठेवून घेत नाहीत. फेडायला परत पाठवतात."

हे पुस्तकात होतं, की माझ्यासाठी त्यांनी तेवढ्यापुरतं रचलं, मला अजून माहीत नाही. डबा त्यांनी बरोबर नेला.

पावसाळा संपता संपता एक फोन आला. कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्याने हाक मारली. रिसीव्हर कानाला लावला तर नुसता वारा. मोठ्या मोकळ्या जागेतून येतो तसा. मी "अहो" म्हणाले. दुकानात माणसं होती, मोठ्याने म्हणता आलं नाही. वारा थोडा वेळ राहिला आणि लाइन गेली. पोलिसांत कळवलं होतं, तिथून कधी काही आलं नाही.

पुढे आमच्या बाजूची शेतं गेली आणि काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीत मला साफसफाईचं काम मिळालं. तिथं एसीच्या जाळीखाली उभी राहिले की तोच वारा ऐकू यायचा. फडकं हातात धरून मी उभी राहायचे. एकदा हळूच "अहो" म्हणूनही पाहिलं.

पगारातून ताईंचे पैसे फेडत गेले. शेवटचा हजार राहिला आणि माझा हात थांबला. तो दिला तर मालकांवर काही देणं उरत नव्हतं. मग त्यांना परत कोण पाठवणार? मालकांचं दारातलं बोलणं मी ताईंना सांगितलेलं. त्यांची लेक लग्नाला आलेली, त्यांना गरज होती. तरी विषय काढला की म्हणायच्या, "राहू दे की. कुठं पळून चाललीयस?" आणि मग हळू आवाजात, "त्याच्या नावावर कायतरी बाकी हाय ना, बास."

आबा गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कुणीतरी त्यांच्या फोटोशेजारी मालकांचाही फोटो ठेवला, हार घालून. दोघांचं एकदम उरकू, असा विचार असेल. मी सगळ्यांसमोर उठले, हार काढला आणि फोटो पदराखाली घेऊन आत गेले. आयुष्यात चारचौघांत केलेली ती माझी एकच गोष्ट.

कामावर कॉम्प्युटरपाशी बसणारी एक मुलगी होती. एका दुपारी मला म्हणाली, "मावशी, इकडे या. सॅटेलाइटवरून फोटो काढलेत, अख्खं वर्ल्ड दिसतं. तुमचं गाव सांगा."

मी म्हटलं, "तिबेट दाखवता येईल?"

"तिबेट? मावशी, डायरेक्ट तिबेट?" ती हसली, पण दाखवलं. पांढरं आणि तपकिरी, पांढरं आणि तपकिरी. ती सरकवत गेली, मी बघत गेले.

"यात कुणी लपून राहू शकेल का?"

"इथं कोण राहणार? बर्फ आहे नुसता. थांबा, तुमचं घर शोधू."

तिने हडपसर काढलं, आमची गल्ली काढली. आमचे पत्रे दिसले. शेजारी शेवगा उभा होता.

"हे झाड मागच्या पावसात पडलं," मी म्हटलं.

"फोटो जुना असतो, मावशी. वरून लगेच बदलत नाही."

मी पुन्हा कामाला लागले. जाळीतून वारा येत होता. मनात आलं, मालक वरून कुठून बघत असतील तर त्यांना अजून तो शेवगा दिसत असेल. त्याखाली बाजेवर आबा. चुलीपाशी मी, भाकऱ्या करताना. घरात काही बिघडलेलंच नाही, मग माणूस कशाला परत येईल? हजार रुपयांनी येईल?

रविवारी मी लोणीची बस धरली. ताई अंगणात मेथी निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर पैसे ठेवले.

"हे काय?"

"शेवटचे."

"फोन आला का काय?"

"नाही."

ताईंनी बराच वेळ हात लावला नाही. मग म्हणाल्या, "म्हंजे आता तो मोकळा."

"हो."

"तुला चालंल?"

मी मान डोलावली. ताई नोटांकडे बघत राहिल्या. मी मेथीची एक जुडी पुढे ओढली आणि निवडायला बसले. पाला संपला, नुसत्या काड्या राहिल्या, तरी आमचे हात चालूच होते. मग ताईंनी पदराला हात पुसले, पैसे उचलले आणि कनवटीला लावले.

"फिटलं," त्या म्हणाल्या.