दाजी आणि जवानांचे लाडू

आमच्या दाजींइतका नकोसा पाहुणा उभ्या मराठवाड्यात सापडायचा नाही. ताईचा नवरा म्हणून आम्ही त्यांना लग्नकार्याला बोलवायचो आणि ते यायचे आपल्या नोकरीतले सरकारी अन्न निरीक्षक म्हणून. अक्षता पडायच्या आधीच स्वारी आचाऱ्याच्या मागे उभी. जिलेबी उजेडात धरून तिचा रंग बघणार, कढईवर वाकून तेलाचा वास घेणार. माझ्याच लग्नात त्यांनी नासलेली बासुंदी नालीत ओतायला लावली आणि माझ्या सासऱ्यांना शांतपणे सांगितलं, "पाहुणे उपाशी गेले तर आठ दिवस बोलतील. आजारी पडले तर जन्मभर." सासरे एकटेच जन्मभर बोलले, ते वेगळं. औंढ्याला दाजींची स्कूटर दिसली की देवळासमोरच्या पेढेवाल्यांना एकदम घरची कामं आठवायची.

त्या वर्षी सीमेवर युद्ध पेटलं. लढाई इथून शेकडो कोस लांब, पण हिंगोलीत दुकानादुकानावर झेंडे लागले. किराणा मालाच्या एका ठोक व्यापाऱ्यानं जवानांसाठी ट्रकभर बुंदीचे लाडू पाठवायचं ठरवलं. बँड आला, हार आले, पुढारी आले. दाजीही आले, अर्थात न बोलावता. त्यांनी एक लाडू फोडून जिभेवर ठेवला आणि थुंकून टाकला. तेल खवट होतं, बेसन गोदामात पडून जाळी धरलेलं. त्यांनी ट्रक तिथंच अडवला.

व्यापारी हसत म्हणाला, "साहेब, वर तिरंगा लावलाय, अन् तुमी लाडू काहून हुंगून राहिले?"

"तिरंगा लावला म्हणून खवट तेल ताजं होत न्हाई," दाजी म्हणाले. "तिकडं लेकरू पोट धरून बसलं तर बंदूक कोन धरंल?"

नमुने प्रयोगशाळेला गेले, लाडूंना सील लागलं. संध्याकाळपर्यंत दाजींचा थुंकतानाचा व्हिडिओ जिल्हाभर फिरला. हा माणूस जवानांच्या घासावर थुंकला, एवढंच लोकांना दिसलं. सकाळी दाराला काळं फासलेलं होतं. दूधवाल्यानं ताईचं दूध बंद केलं. वरिष्ठांनी दाजींना आधी सक्तीच्या रजेवर धाडलं, मग बदलीचा हुकूम दिला. तोवर युद्धही थांबलं. मागाहून अहवाल आला, लाडू खाण्यास असुरक्षित. कुणी त्याची चौकशीसुद्धा केली नाही. स्वातंत्र्यदिनाला व्यापाऱ्याच्या खांद्यावर शाल पडली, टाळ्या वाजवणाऱ्यांत आमचे सासरेही होते.

दाजी निघायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेलो. सामान बांधून झालं होतं. ताईनं हळूच सांगितलं की दोघांनी मिळून जवानांसाठी घरच्या तुपात लाडू केले होते, डबा कापडात शिवून दाजी टपाल कचेरीत गेले होते. लढाई थांबली तरी पोरं तिथंच हायेत की, असं म्हणत होते. खिडकीतल्या कारकुनानं जवानाचं नाव आणि पलटण विचारली. दाजींना एकाही जवानाचं नाव माहीत नव्हतं. ते तसेच परत आले.

डब्याची शिवण उसवून दाजींनी एक लाडू माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला, फार छान झालाय म्हणालो.

"व्हय," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिथवर बराबर टिकले असते."