संगीताचा न हटणारा ताप

"इन्फेक्शन किडनीपर्यंत पोचलंय. रक्तात पसरलं तर अवघड होईल," डॉक्टरबाई म्हणाल्या. माझी बायको संगीता स्ट्रेचरवर हुडहुडी भरून कापत होती. गडमुडशिंगीहून कोल्हापूरला येताना रिक्षातच ती मला ओळखेनाशी झाली होती.

सुरुवात साधी होती. लघवीला जळजळ, कंबरेत कळ, अंगात कणकण. गावातल्या दवाखान्यातल्या गोळ्यांनी जरा उतार पडला, मग ताप दुप्पट जोरानं आला.

इथं सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. तरी ताप हटेना. "मॅडम, एवढं भारी औषध लागू का पडंना?" मी विचारलं.

"अँटिबायोटिक जंतूंचं कवच फोडतं किंवा त्यांची वाढ थांबवतं. पण लाखोंत एखादा जंतू औषधाला न जुमानणारा निघतो. बाकीचे मरतात, तो उरतो, वाढतो. ती युक्ती दुसऱ्या जंतूंनाही देतो. याला रेझिस्टन्स म्हणतात. शरीराला औषधाची सवय होत नाही, बदलतात ते जंतू."

"मग आता?"

"लघवीचं कल्चर लावलंय. त्यातले जंतू वाढवायचे आणि कुठल्या औषधाला मरतात ते बघायचं. जरा थांबावं लागेल."

ते थांबणं फार जड गेलं. बाकड्यावर बसल्या बसल्या, नर्सनं कुणाचंही नाव पुकारलं की मी उठून उभा राहायचो.

अखेर रिपोर्ट आला. नेहमीची औषधं निकामी होती, पण एक चालणार होतं. ते सुरू केल्यावर एका सकाळी संगीता घामानं चिंब झाली आणि डोळे उघडून म्हणाली, "आवं, म्हशींची धार कोण काढतंय?" मला रडू आवरेना.

घरी सोडायच्या दिवशी ती हटूनच बसली. "माझा जीव घ्यायला निघालेलं जंतू मला बघायचंत!" लॅबमधल्या मॅडमनी हसून मोबाइलवर फोटो दाखवला. काचेच्या ताटलीत जंतूंचा धुरकट थर, त्यावर वेगवेगळ्या औषधांच्या पांढऱ्या टिकल्या. बहुतेक टिकल्यांना जंतू खेटून वाढले होते. एकीभोवती मात्र स्वच्छ, मोकळं रिंगण होतं.

संगीतानं त्या रिंगणावर बोट ठेवलं. "ह्येनं वाचवलं व्हय मला? उद्या ह्येबी चालंनासं झालं तर?"

"म्हणून तर ते गरज असेल तेव्हाच, सांगितलं तसंच घ्यायचं," लॅबमधल्या मॅडम म्हणाल्या.

तिनं मॅडमना हात जोडले.

तुमच्या घरी असा ताप हटेनासा झाला तर कल्चरबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा, आणि धीर सोडू नका. संगीता आता डेअरीवर दूध घालायला जाते. कुणी मनानं गोळ्या घेते म्हणालं, की कॅन खाली ठेवून तिथंच बजावते, "बाई, आधी तपासून घे की! त्ये औषध उद्या तुझ्या लेकरालाबी लागणार हाय."