वरची रेघ, खालची तार

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, मित्रांना नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही आमच्या घरी येणार नाही, म्हणून असेल.

गोष्ट गिटारची आहे. हसू नका. जबलपूरच्या आमच्या मराठी गोतावळ्यात मी 'गिटारवाले' म्हणून ओळखला जातो. कॉलेजात घेतलेली गिटार, येतात मोजून तीन चाली — गणपतीत, केळवणांत त्याच वाजवून मी आयुष्य काढलं. वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय! हे मला ठाऊक होतं. बाकी कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ते मला तसंच बरं वाटत होतं.

माझी बायको, सुनंदा, गिटारची धूळ पुसायची तेवढीच. गुणगुणायची मात्र दिवसभर — पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना. नातीचा पहिला वाढदिवस आमच्याकडे करायचं ठरलं आणि हिच्या मनात आलं, की केक कापताना वाढदिवसाची ती सगळ्या जगाला पाठ असलेली चाल आपण स्वतः गिटारवर वाजवायची. मुलीने फोनवर नवशिक्यांसाठीचा टॅबचा — म्हणजे गिटारच्या आकडेलिपीचा — कागद पाठवला, मी रिछाईला आमच्या कारखान्याच्या ऑफिसात तो छापून आणला. सहा आडव्या रेघा म्हणजे सहा तारा. रेघेवरचा आकडा म्हणजे त्या तारेवर कितव्या घरात बोट दाबायचं ते. एवढंच.

फक्त एक मेख असते. कागदावरची सगळ्यात वरची रेघ म्हणजे गिटारची सगळ्यात खालची, बारीक तार. नवशिका इथे हमखास फसतो. सुनंदा तर दोसुतीवर भरतकाम करणारी बाई — नमुन्यात जे वर, ते कापडावरही वर. तिने वरची रेघ वरच्या जाड तारेवर वाजवायला घेतली.

मला पहिल्याच दिवशी कळलं. समोर चहा पीत बसलो होतो. म्हटलं, कळेल तिचं तिला. गंमत वाटली — हो, आधी नुसती गंमतच होती. पण आठ-दहा दिवसांत तिची बोटं अशी फिरायला लागली, की काय सांगू? सुईची सवय असलेली बोटं ती. चुकीच्या तारेवर, पण नेमक्या घरात, स्वच्छ. मला एवढं जमायला वर्ष लागलं होतं. मला ते झोंबलं.

खटकत तिलाही होतं. एकदा थांबून म्हणाली, "अहो, हे काहून असं बेसूर वाजून राहिलं? गुणगुणते तर बरोबर येते."

एक वाक्य पुरलं असतं. मी काय म्हणालो? — "तुझा कान अजून तयार नाही. सराव कर."

तिचा कान! ज्या कानाने चूक पकडली, त्यालाच मी खोटं पाडलं. मुलगी म्हणत होती, आई, व्हिडिओ बघून शिक. तर ही म्हणाली, "घरात गिटारवाले असताना व्हिडिओ काहून पाहू?" रोज ठरवायचो, आज सांगू. पण आज सांगायचं म्हणजे कालचं कबूल करायचं — आणि परवाचंही. दिवस जात राहिले.

वाढदिवसाला सगळे जमले. ती गिटार घेऊन खुर्चीत बसली, पदर खोचला आणि सुरू झाली. पाच-सहा सूर झाले असतील. कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. वाईट मनाने नाही. तीही हसली. शेजारचे भैया म्हणाले, "अरे भाभीजी, भाईसाहब को दे दो!"

आणि मी — इतका वेळ ह्याच्याचभोवती घुटमळतोय — मी ती गिटार तिच्या मांडीवरून उचलली. कागद समोर तोच. मी ती चाल नीट वाजवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. टाळ्या पडल्या. ती माझ्या बोटांकडे बघतच नव्हती, नातीकडे बघत होती. तिनेही टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत जोरात. मला छान वाटलं. हेही सांगतो — मला त्या वेळी फार छान वाटलं.

दुसऱ्या दिवशी गिटारच्या कव्हरमध्ये तो कागद सापडला. कोपऱ्यात तिच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'कान तयार करणे.' खाली रोजच्या सरावाच्या खुणा. एकही दिवस चुकला नव्हता.

तेव्हापासून ती गुणगुणत नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही. पोळ्या लाटते तेव्हा आता फक्त पोळपाट वाजतो. कितीदा तरी दारापर्यंत जातो, उभा राहतो. ती विचारते, "काही पाहिजे का?" मी पाणी मागतो.

नात आता तीन वर्षांची आहे. रविवारी पुण्याहून तिचा व्हिडिओ कॉल येतो. "आजी, गाणं म्हण ना." सुनंदा हसून म्हणते, "आजीला सूर नाही ग बाई. आजोबांना सांग." आणि फोन माझ्या हातात देते.

मी घेतो. आणि म्हणतो.