रेघेबाहेरची हजेरी

माझ्या बायकोच्या चुलतभावाइतका भित्रा माणूस अख्ख्या सेनगाव तालुक्यात सापडायचा नाही, आणि त्याच्याइतकी झाडं पाडलेला माणूसही नाही. साखळीचं मशीन घेऊन हा गावोगाव फिरतो, पण झाडापाशी पोचल्यावर तासभर मशीनला हातच लावत नाही. आधी एक काठी डोळ्यासमोर उभी धरून, झाड काठीएवढं दिसेपर्यंत उलट्या पावलांनी मागं जातो आणि त्यावरून उंची काढतो. एकदा असाच मागं जाता जाता उकिरड्यात गुडघाभर रुतला, तर तिथूनच ओरडला, "उंची बराबर निघाली!" मग पळायची वाट. झाड पडणार त्याच्या उलट अंगाला, तिरकी. तिथला एकेक खडा वेचणार आणि डोळे मिटून दोनदा पळून बघणार. माझ्या सासऱ्यांनी विचारलं, "डोळे काहून मिटून राहिला रे?" तर म्हणतो, "काका, भुसा उडाल्यावर उघडे कुठं राहतेत?"

शेवटी झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर कबड्डीच्या मैदानासारखी फक्कीची रेघ, आणि सगळी माणसं रेघेबाहेर. मोटारसायकलचं हेल्मेट घालण्याआधी हा झाडाकडे तोंड करून एकेकाचं नाव पुकारणार. पांढऱ्या मिशांच्या सासऱ्यांनीसुद्धा शाळेतल्यासारखं "हजर" म्हणायचं. मला तर हसू आवरायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी पुसेगावात सासऱ्यांच्या गोठ्याजवळचा वाळलेला लिंब पाडायचा होता. मी गोठ्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेलो. हा आला आणि म्हणाला, "दाजी, तुमीबी रेघेबाहेर." अहो, सासुरवाडीत जावयाला असं उन्हात उभं करतात होय! माझं डोकंच फिरलं. तो झाडाकडे वळला तशी मी खुर्ची गोठ्याआड सरकवली आणि नाव आल्यावर तिथूनच खणखणीत "हजर" म्हणालो. घरच्यांनी पाहिलं, पण जावयाला कोण बोलणार?

लिंब आतून पोकळ निघाला. खाच एकीकडे आणि झाड वळलं गोठ्याकडे. तो आपल्या वाटेनं पळालाही होता. मला पाहिलं आणि मशीन टाकून उलटा आला. मला ढकललं. फांदी त्याच्या नडगीवर पडली.

विचारपूस करायला गाव आलं, तेव्हा खाटेवर पडून तो प्रत्येकाला एकच सांगत होता, "रेघ मीच जवळ मारली." मी शेजारी बसून चहा पीत होतो. एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. लाज वाटते सांगायला, पण सुटल्यासारखंच वाटलं होतं. ज्याची रेघ चुकते त्याला आपल्या दारचं झाड कोण दाखवील? तेव्हापासून त्याला कुणी बोलावलं नाही.

यंदा सासऱ्यांची बाभूळ पाडायला मीच त्याला बोलावलं. गावातल्या दहा-बारा जणांना मुद्दाम जमवलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "त्या दिवशी याची रेघ बरोबर होती. मी आत बसलो होतो." तो लंगडत फक्की टाकत होता, मान वर न करता म्हणाला, "जाऊ द्या दाजी. ऊन लई हाय, टोपी घाला."

मग हजेरी सुरू झाली. झाडाकडे तोंड करून तो नावं घेत होता. आवाज आला की पुढचं नाव. माझं नाव आलं. मी "हजर" म्हणालो, जरा मोठ्यानंच. तो थांबला, हेल्मेट हातात घेऊन वळला आणि माझे पाय रेघेच्या बाहेर आहेत की नाही ते नीट पाहून घेतलं. त्यानंतर त्यानं सासऱ्यांचं नाव घेतलं, झाडाकडे बघत.