निवडुंगाची उशी
परवा अमरावतीच्या एका दुकानात नव्या लोकरीचा वास आला आणि अकोल्यातली ती दुपार आठवली. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मला मूल नव्हतं. मन रमावं म्हणून मी दिवाणासाठी निवडुंगाच्या आकाराची क्रोशाची उशी विणली, टोकाला गुलाबी फूलही लावलं. कूलरसमोर बसलेल्या पाहुण्या बायकांनी कौतुक केलं, तशा सासूबाई म्हणाल्या, "काट्याचं झाड घरात आनून ठेवलं इनं. मंग पाळना कसा हालन?" बायका हसल्या. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी उशी उचलली आणि माझ्याकडे न बघता माळ्यावर फेकली. सासूबाईंना मी केव्हाच माफ केलं. नवऱ्याशी मात्र अजून कामापुरतंच बोलते.