लाल रबर

कर्वेनगरहून लोणी काळभोरच्या कॉलेजात जाताना मी बसमध्ये अर्धवट झोपेतच असायचे. हातात मोबाइल, अंगठा आपोआप सरकत असायचा. परदेशातल्या पांढऱ्या खोल्या, पांढऱ्या खुर्च्या, गुळगुळीत दिवे एकामागून एक येत. आवडलं ते मी साठवून ठेवी. हडपसर मागे पडून उसाची शेतं सुरू झाली की ती पांढरी घरं मला उसातच उभी दिसत. त्या तंद्रीत मी फार सुखी होते.

डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला मी टीव्हीचा रिमोट करत होते. पांढरा, सपाट, बटणं जेमतेम जाणवतील अशी. गाईड मॅडमनी तो दोनदा परत पाठवला. "सुंदर आहे. पण कोणासाठी?" एवढंच त्या विचारत. तिसऱ्यांदाही उत्तर नसतं तर माझं वर्ष गेलं असतं.

आमच्या घरचा रिमोट मात्र माझ्या डोळ्यांत खुपायचा. आणल्या दिवसापासून प्लॅस्टिकच्या पिशवीत, मधोमध जाड लाल रबर. एका दुपारी मी त्याला मोकळं केलं, पुसून लख्ख केलं, पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढला. फोटो सुरेख आला. पिशवी आणि रबर कचऱ्यात गेलं.

त्यानंतर बाबा टीव्ही लावेनासे झाले. एरवी बातम्या वाचणाऱ्यांना टोमणे मारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. विचारलं तर म्हणाले, "रोज तेच बघून काय करायचं?" मी हेडफोन लावून त्यांच्या शेजारी बसायचे, ते बंद टीव्हीसमोर.

एका संध्याकाळी मोबाइल चार्जिंगला होता, म्हणून माझं लक्ष गेलं. बाबांनी रिमोट उचलला. त्यांचा अंगठा वरून खाली फिरला, पुन्हा वर गेला. मग त्यांनी तो ठेवून दिला.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही. तुमच्या सुधारणेत आमचं रबर गेलं." रिमोट माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, "अगं, मला बटणांवरचं दिसत नाही आता. रबराच्या वर आवाज, खाली चॅनेल, असं चालायचं माझं. डॉक्टर म्हणतात, नजर आहे तेवढी टिकली तरी खूप. म्हटलं, तुझी परीक्षा होऊ दे, मग सांगू."

मला रडूच आलं. स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरचं एक रबर आणून मी रिमोटला गुंडाळलं.

पुढचे काही दिवस मी डोळे मिटून रिमोटच्या आकारासाठी माती मळत होते. मिटल्या डोळ्यांपुढे आता पांढरं काही येत नव्हतं. बोटांखाली नुसता एक उंचवटा होता, तो कधी थोडा वर सरके, कधी खाली. त्यावरून मी लाकडाचा नमुना कोरला. मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"बाबांसाठी," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटून नमुना बराच वेळ हातात धरला, आणि पास केला.

त्या संध्याकाळी तो मी बाबांना दिला. आत ना तार, ना सेल, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी तो चालू टीव्हीकडे रोखला, उंचवट्याला अंगठा लावला आणि त्याच्या खाली, चॅनेलच्या जागी, दाबलं. मी त्यांच्या मागे उभी राहून खरा रिमोट दाबला. बातम्या लागल्या.

"चालतोय की!" बाबा म्हणाले, आणि आवाज वाढवायला त्यांचा अंगठा न चाचपडता वर गेला. मीही आवाज वाढवला.